गोदामाच्या उजेडातला लांडगा

भाऊ घर सोडून गेला तेव्हा आमच्यापैकी कुणाचंच बूड एका जागी टेकत नव्हतं. आमच्या राहनाळ गावातली उरलीसुरली जमीन गोदामाला द्यायची नाही म्हणून तो वडिलांशी भांडला आणि पायात चपला अडकवून निघाला, तो निघालाच. फोन बंद. आई स्वयंपाकघरातून दारात, दारातून स्वयंपाकघरात. तिला बघून माझा जीव टांगणीला लागायचा, आणि मग चिडचिड व्हायची.

निजामपुऱ्यातल्या रद्दीवाल्याकडून मी एक इंग्रजी कादंबरी आणली होती, कव्हर नसलेली. मोठ्या शहरात खून होतात. तपास करणारा गुप्तहेर घरी आईशी भांडून आलेला, आणि तो स्वतःच पौर्णिमेला लांडगा होतो. खुनी आपणच तर नाही ना, या भीतीने त्याला चैन पडत नाही. आई जरा तरी बसावी म्हणून एका दुपारी मी ती मराठीत सांगायला घेतली.

"पुनवेला?" आईने तिथेच अडवलं. "पुनवेला कदी भूतबीत येतं का गो? अवसेला येतं."

वाद घालायचं त्राण नव्हतं. म्हटलं, बरं, अमावास्येला. मग मात्र ती वालाच्या शेंगा घेऊन बसली, आणि रोज बसू लागली. खुनी कोण, याच्याशी तिला देणंघेणं नव्हतं. ती एकच विचारायची, "परत मानूस झाला का त्यो घरी जातो ना?"

पुढे मी चांगलीच अडकले. गोष्टीतली एक शेजारीण खिडकीतून खुन्याचा चेहरा बघते, तोही लख्ख चांदण्यात. मी तर अमावास्या करून बसलेले. माझी त-त-प-प ऐकून आईच म्हणाली, "गोडावनाचा हॅलोजन असंल. आपल्याकडं तरी आता कुठं अवस ऱ्हायलीय?"

शेजारच्या गोदामाच्या त्या दिव्याचा उजेड रात्रभर आमच्या परसात पडायचा. भाऊ त्या दिव्याला रोज शिव्या घालायचा.

शेवटी खुनी दुसराच निघतो. गुप्तहेर सुटतो आणि घरी न जाता दुसऱ्या शहराची बस पकडतो. ते वाचून मला पुस्तक फेकून द्यावंसं वाटलं. आईला म्हटलं, "घरी जातो."

"अवसेच्या अंधारात?" तिने शेंग मोडता मोडता विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "हां, उजेड हाय."

त्या संध्याकाळी ती वडिलांना म्हणाली, "द्या जमीन. पन दिवा आपल्या वाटंवर लावाया सांगा."

गोदाम उभं राहिलं. दिवा लागला. आई पुन्हा दार-स्वयंपाकघर करू लागली, आणि मला त्या उजेडाचा मनस्वी राग यायला लागला.

एका रात्री वाटेवरून त्या दिव्याला घातलेली एक कचकचीत शिवी ऐकू आली. आईने वळूनही बघितलं नाही. ती ताट घ्यायला उठली.