भ्यायलेल्या बायकांच्या अनुसयाअक्का

अनुसयाअक्का कुणालाही नावानं हाक मारत नसत. साताऱ्याच्या सरकारी दवाखान्यात एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात त्या खोलीबाहेर त्यांची खुर्ची असे, आणि येणारी प्रत्येक बाई त्यांची ‘पावणीबाई’. नाव घेतलं आणि नेमका कुणी गाववाला ऐकत उभा असला तर? त्या आटपाडीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. नवऱ्यामागं त्यांनाही हाच आजार निघाला होता. आमच्यासारख्यांनी गोळ्या चुकवू नयेत म्हणून मागं लागणं हे त्यांचं तिथलं काम.

मी विट्याची. सांगली मला जवळ, पण तिथं निम्मं गाव भेटतं, म्हणून ब्लाउजपीस आणायच्या नावाखाली मी साताऱ्याला जायची. आमच्यातल्या पुष्कळजणी अशाच आपला जिल्हा सोडून दुसऱ्याच्या रांगेत उभ्या राहतात. माझे मालक गलाईच्या, म्हणजे सोनं आटवायच्या धंद्यात परमुलखात होते. शेवटी घरी आले तेव्हा त्यांना असा घाम सुटायचा की चादर पिळावी लागे. महिन्याभरात गेले. त्यांना काय झालं होतं ते फक्त मला ठाऊक. सासूबाईंना नाही, जावेला नाही, माझ्या सोनालीलाही नाही.

एक्केचाळिसाव्या वर्षी माझी पाळी थांबली. आणि भाकरी थापता थापता तसाच घाम फुटायला लागला, छातीत धडधड, कान तापलेले. मी मनात म्हटलं, झालं, गोळ्या हरल्या, आता माझा नंबर. सोनाली तेव्हा बारावीला होती. घाबरून मी काय केलं, तर दर महिन्याला ठरल्या तारखेला चार दिवस बाजूला बसत राहिले. सासूबाईंचा देव कडक, कोपऱ्यातली माझी चटई ठरलेली. पाळी गेल्याचं कळलं असतं तर जावेनं डॉक्टरकडं नेलं असतं, त्यानं रक्त काढलं असतं, आणि मग सगळं घराला कळलं असतं. आठ महिने हे सोंग केलं. दवाखान्यातली वर्षाची रक्ततपासणीही काहीबाही सांगून चुकवली. वाईट कळण्यापेक्षा न कळलेलं बरं, ही माझी अक्कल.

एकदा रांगेतच पदर भिजला. अक्कांनी मला बाजूला घेऊन मानेवर पालथा हात ठेवला.

“पाळी कवा आलती?”

“परवाच.” इतकी सवय झाली होती खोट्याची.

“माझ्या म्होरं नगं. माझीबी अशीच लवकर गेली. ह्योच घाम. दोन वर्सं मरायची तयारी करून बसले, चांगली लुगडी वाटून टाकली. मरान काय आलं न्हाई, लुगडी मातुर गेली.”

मला हसू आलं नाही, रडू कोसळलं. अक्कांनी दंडाला धरून मला रक्त द्यायला नेलं. “रोगाचा घाम येगळा आन वयाचा येगळा. कुठला हाय ते तपासल्यावर कळतंय. तू चुलीपाशी बसून ठरवू नगंस,” त्या म्हणाल्या.

रिपोर्ट येईपर्यंत मी सोनालीला घाईघाईनं पुरणाची पोळी शिकवली. तिला वाटलं, आई माझ्या लग्नाचं बघतीय. मी तिला माझ्यामागं जगायला शिकवत होते.

रिपोर्ट चांगला आला. विषाणू मोजता येण्याइतकाही नव्हता, छातीचा फोटोही स्वच्छ. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की या आजारात कुणाकुणाची पाळी लवकर जाते, हाडांकडं बघावं लागतं, घामालाही औषध आहे, पण कुठलंही नवं औषध घेताना चालू गोळ्या दाखवायच्या. आणि थांबलेली पाळी पुन्हा दिसली, एक ठिपका जरी, तरी त्याच दिवशी यायचं. अक्का शेजारी उभ्या राहून मान हलवत होत्या. पुढं प्रत्येक पावणीबाईला त्या हे बजावून सांगायच्या, “लाजत बसू नगा.”

दोन वर्षांनी त्यांची खुर्ची रिकामी दिसली. अक्का सांगलीच्या दवाखान्यात होत्या. गाववाले भेटतील तर भेटोत म्हणत मी गेले. गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर, सगळीकडं पसरलेला. वर्षभर अंगावरून जात होतं आणि बाईनं कुणाला अक्षरानं सांगितलं नव्हतं. मला इतका राग आला की मी खाटेशेजारी उभीच राहिले.

“अक्का, तुम्ही? आम्हाला शिकवणाऱ्या तुम्ही?”

“भ्या वाटलं गं,” त्या म्हणाल्या. “दुसरीला इचारताना तोंड चालतंय. आपलं म्हनलं की उद्या जाऊ, परवा जाऊ. लय भ्याले मी.” मग माझं मनगट धरून म्हणाल्या, “तुझ्या पोरीला म्हाईत हाय का?”

“नाही.”

“मग उद्या तू बेसुद पडलीस तर ती डॉक्टरला काय सांगंल?”

आठवड्याभरात अक्का गेल्या. मी मात्र तेवढी थांबले नव्हते. सांगलीहून आले त्याच संध्याकाळी सोनाली भांडी घासत होती. मी दार लावून घेतलं, कपाटातल्या साड्यांमागची गोळ्यांची बाटली काढली आणि तिच्या ओल्या हातात ठेवली.

“यावर काय लिहिलंय,” मी म्हटलं, “ते मोठ्यानं वाच.”