बुटाच्या रंगाचा गम्बो

शेजारच्या आजोबांचं वजन घटतंय हे मला त्यांच्या पँटवरून कळलं. २०२० च्या ऑगस्टात कचऱ्याचा डबा ओढत ते फाटकापर्यंत आले, तेव्हा पट्ट्याच्या जागी कमरेला निळी नायलॉनची दोरी बांधलेली होती. पट्ट्याची भोकं संपली होती.

आम्ही परदेशात, ल्यूकन नावाच्या उपनगरात राहतो. एका भिंतीने जोडलेली दोन घरं, डावं आमचं, उजवं त्यांचं. मागच्या बागांच्या मध्ये कमरेएवढी भिंत. इथल्या पद्धतीप्रमाणे तोंडावर मी त्यांना नावानेच हाक मारायचे, पण आमच्या घरात ते आजोबा होते. तरुणपणी ते मेक्सिकोच्या आखातात समुद्रातल्या तेलविहिरींच्या फलाटांवर काम करायचे. तिथून परत येताना लुइझियानाची बायको घेऊन आले. ती बाई जूनमध्ये हृदयविकाराने गेली. अंत्यविधीला मोजकी माणसं, तीही लांब लांब बसलेली. त्यांची एकुलती एक मुलगी ऑस्ट्रेलियात. तिने सगळं लॅपटॉपवर पाहिलं.

सप्टेंबरात मुलीने मला फोन केला. सरकारी नर्स दर पंधरवड्याला घरी येऊन आजोबांचं वजन करते, आणि ते उतरत चाललंय. असंच चाललं तर त्यांना नर्सिंग होममध्ये, म्हणजे इथल्या म्हाताऱ्यांच्या शुश्रूषागृहात, ठेवावं लागेल असं नर्सचं मत होतं, मुलीचंही होतं. ‘मी इथून काय करू शकते, सांग,’ ती म्हणाली. विमानं बंद होती. वादच नव्हता.

आजोबांना मी भिंतीवरून विचारलं. ते म्हणाले, ‘तिथे मी माझ्या पायांनी आत जाईन. बाहेर येताना मला चौघे उचलून आणतील.’ त्या वसंतात नर्सिंग होममधल्या कोरोनाच्या मृत्यूंच्या बातम्या सगळ्यांनीच ऐकल्या होत्या. मी त्यांना उगाच तसं काही नसतं वगैरे म्हटलं नाही.

मी औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभागात आहे. काही बिघडलं की कारण शोधायचं, उपाय ठरवायचा, तो लागू पडला का ते तपासायचं. हेही मी तसंच हाती घेतलं. सोमवार वरण-भात, मंगळवार खिचडी, बुधवार चिकन रस्सा कमी तिखटाचा. डब्यावर चिकटपट्टी, तिच्यावर पदार्थाचं नाव, डबा भिंतीवर. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन परत. ‘ग्रँड,’ ते म्हणायचे, म्हणजे इथल्या बोलीत ‘मस्त’. आणि पुढच्या वेळी नर्सने वजन केलं तर ते आणखी उतरलेलं.

‘तुम्ही खाताय का?’ मी सरळ विचारलं.

‘तुझं वरण फ्रीजरमध्ये आहे, मिसेस. तुझेच डबे रिकामे करून धुतो. माझ्या डब्यांत भरून ठेवलंय सगळं. फेकलेलं नाही हं.’

‘मग काय खाल?’

‘गम्बो,’ ते म्हणाले, आणि लगेच हात हलवला, जाऊ दे म्हणून.

गम्बो म्हणजे लुइझियानातलं दाट कालवण. चिकन, धुरावलेलं सॉसेज, कांदा, सेलरी, ढोबळी मिरची, भेंडी, आणि सोबत भात. बायको दर रविवारी करायची. कृती लिहिलेली नव्हती, आजोबांनी आयुष्यात कालथा धरलेला नव्हता. मी इंटरनेटवरच्या चार कृती शेजारी शेजारी ठेवून एक तक्ता केला, वाणसामानाची यादी केली आणि लॉकडाऊनच्या पाच किलोमीटरच्या हद्दीत राहून सगळं मिळवलं. सॉसेज पोलिश दुकानात, भेंडी आपल्या लोकांच्या दुकानात.

घरात तेव्हा सासूबाई होत्या. फेब्रुवारीत सहा महिन्यांसाठी अकोल्याहून आल्या आणि अडकल्या. त्यांचा मुलगा, म्हणजे माझा नवरा, वरच्या खोलीत दिवसभर मीटिंगमध्ये. त्यामुळे आम्ही दोघी स्वयंपाकघरात आणि एकमेकींच्या वाटेत.

‘भेंडी अन् कोंबडी एकाच गंजात?’ सासूबाईंनी विचारलं. ‘कोन्या गावची रीत वं हे?’

‘त्यांच्या बायकोच्या.’

‘मंग ते बाई गेली यात नवल नाही.’

‘आई!’

‘म्हनून राह्यली फक्त. कर तू.’

मी केलं, आणि माझ्या हाताला जे येतं तेच केलं. गम्बोची सुरुवात तेलात मैदा भाजण्यापासून होते. मी तो बेसनाच्या लाडवांसारखा भाजला. बदामी रंग आला, खमंग वास सुटला, गॅस बंद. भेंडी धुऊन एकेक पुसली, मोठे तुकडे केले, चिकटपणा जावा म्हणून दोन आमसुलं घालून मोकळी परतली. भेंडीला तार सुटली तर आपल्याकडे बाईचा हात वाईट म्हणतात. सासूबाईंनीही चमच्याने उचलून पाहिली आणि मान डोलावली. सगळं एकत्र उकळल्यावर पिवळट, पातळ, आंबट असं काहीतरी झालं. मी चिकटपट्टीवर ‘गम्बो’ लिहून डबा भिंतीवर ठेवला.

तासाभराने तो भरलेलाच परत आला. आजोबा भिंतीपलीकडे उभे होते.

‘हे छान आहे,’ ते म्हणाले. ‘पण हे काय आहे?’

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. त्यांनी रंग विचारला. मैदा कुठवर भाजलास? मी सांगितलं. ते आत गेले आणि हातात एक बूट घेऊन आले. जुना, कातडी, गडद तपकिरी, पॉलिश केलेला. भिंतीवर ठेवला.

‘हा रंग.’

‘हा करपलेला रंग आहे.’

‘करपण्याच्या अलीकडचा,’ ते म्हणाले. ‘आणि भेंडीचा चिकटपणा कुठे गेला?’

‘काढला.’

‘का?’

तो चिकटपणाच गम्बोला दाट करतो, हे तक्त्यातल्या चारही कृतींत लिहिलं होतं. मी वाचलंही होतं. हातांनी ते मानलं नव्हतं.

पुढच्या रविवारी दुपारी मी कॅम्पिंगचा छोटा गॅस बागेतल्या टेबलावर मांडला, भिंतीला लागून. आमच्या घरात त्यांना बोलावता येत नव्हतं, त्यांच्या घरात मला जाता येत नव्हतं, आणि रंग तर त्यांनाच ओळखायचा होता. नोव्हेंबरचा वारा, ज्योत आडवी होणारी. सासूबाई माकडटोपी आणि दोन शाली घालून खुर्चीवर, हातात पत्र्याचं झाकण धरून, वाऱ्याला आडोसा. आजोबा पलीकडे, बूट भिंतीवर.

मी ढवळत होते. बदामी रंग आला.

‘अजून,’ आजोबा म्हणाले.

विटकरी आला.

‘अजून.’

‘जळून राह्यलं ना वं ते!’ सासूबाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. ‘उतरव. या बुढ्याले काय समजते?’

‘काय म्हणतात त्या?’ आजोबांनी विचारलं.

‘छान वास येतोय म्हणतात.’

‘खोटं बोलतेस, मिसेस. माझी सासूही याच आवाजात बोलायची. अजून.’

माझा हात भरून आला होता. वास आता खमंगाच्या पुढे गेला होता, भाजलेल्या दाण्यांच्या सालींसारखा, कॉफीसारखा. माझ्या आयुष्यातल्या प्रत्येक बाईने इथे गॅस बंद केला असता. आजोबा भिंतीवर वाकले. त्यांनी एकदा पातेल्याकडे पाहिलं, एकदा बुटाकडे.

‘आता! कांदा टाक, लवकर!’

कांदा पडला, चर्र झालं, वाफ भिंतीपलीकडे गेली, आणि आजोबांनी तोंड फिरवलं. ते त्यांच्या कुंपणाकडे बघत उभे राहिले. सासूबाई तशाच झाकण धरून बसल्या.

बाकी सगळं सोपं होतं. सेलरी, मिरची, सॉसेजचे काप, चिकनच्या मांड्या, तमालपत्र, पाणी. भेंडी या वेळी कच्चीच, तार सुटू दिली. अंधार पडायच्या आत मी वाडगा भिंतीवर ठेवला, भातासकट. आजोबांनी तिथेच उभं राहून खाल्लं. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग सगळा वाडगा संपवला, चमच्याने तळ खरवडून. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पुन्हा मागितला. तोही संपवला.

‘जवळपास आलीस,’ ते म्हणाले.

त्यानंतर दर रविवार ठरला. उरलेला गम्बो मी आठवडाभरासाठी डब्यांत भरून द्यायचे, बाकीचे वार बंद केले. रिकामे डबे धुऊन परत येत. आणि नर्सचा काटा थांबला. मग थोडा वर सरकला. नर्स त्यांच्या मागच्या दाराशी, दार उघडं ठेवूनच वजन करायची, त्यामुळे माझ्या खिडकीतून दिसायचं. आजोबा आपला जाडा मेणकापडी कोट घालून काट्यावर चढायचे. ती कोट काढा म्हणायची. ते म्हणायचे, दार उघडं, डिसेंबर महिना, मला न्यूमोनियाने मारायचंय का, पोरी? ती हसून कोटाचं थोडं वजन वजा करायची आणि टिपून घ्यायची.

नाताळाच्या आधी मुलीचा फोन आला. नर्सिंग होमचा विषय सध्या बंद. तिने माझे इतके आभार मानले की मी स्वयंपाक करता करता फोन कानापासून लांब धरला. मला आनंद झाला होता. कारण शोधलं, उपाय केला, लागू पडला.

जानेवारीत इथे साथ पुन्हा भडकली. आजोबांना कुठून लागण झाली कळलं नाही. मदतीला येणाऱ्या बाईकडून असेल, दुकानातून आलेल्या पिशव्यांवरून असेल. माझ्या डब्यांवरून असेल का, हेही मी मनात धरलं होतं, पण आमच्या घरात कोणी आजारी पडलं नाही. सकाळी अँब्युलन्स आली. चाकांची खुर्ची त्यांनी नाकारली. एका हाताने दार, एका हाताने फाटक धरत गाडीपर्यंत चालत गेले. अंगावर ड्रेसिंग गाउन होता आणि त्यात ते इतके लहान दिसत होते की मला कळेना, वाढलेलं वजन गेलं कुठे. आजारात उतरलं असेल म्हटलं. मी खिडकीतून हात केला. त्यांनी पाहिलं की नाही ठाऊक नाही.

आठवड्याभरात ते गेले. शववाहिका त्यांच्या दारासमोर थोडा वेळ थांबली. सगळी गल्ली आपापल्या फाटकाशी उभी. सासूबाईंनी डोक्यावरून पदर घेतला आणि हात जोडले. मग गाडी पुढे गेली आणि सगळे आत गेले. थंडी होती.

काही दिवसांनी मुलीने फोन करून विचारलं, घराची किल्ली कुंडीखाली आहे, जाशील का? फ्रीज रिकामा करायचा, हीटिंग बंद करायचं, पाण्याचा मुख्य नळ फिरवायचा. मी यादी लिहून घेतली आणि फोन स्पीकरवर ठेवून आत शिरले. इतक्या महिन्यांत त्या घरात पहिल्यांदाच.

फ्रीजरमध्ये गम्बोचे डबे होते. त्यांच्या डब्यांतले, एकावर एक, वरच्या कप्प्यापासून खालपर्यंत. वरण-खिचडीच्या शेजारी. रविवारी भिंतीशी उभं राहून खात ते खरं होतं. आठवड्याचं जे मी भरून देत होते ते हे इथे होतं. मी दार धरून उभी राहिले. कंप्रेसर गुरगुरत होता.

‘काय झालं?’ मुलीने विचारलं.

‘काही नाही. पण मग वजन कसं वाढलं?’ मी मोठ्याने म्हणाले, तिला नव्हे, स्वतःलाच.

मेणकापडी कोट मागच्या दाराजवळच्या खुंटीवर होता. तो बाजूला करून बॉयलरचं बटण शोधायचं होतं. कोट हलेना. मी खिशात हात घातला. मासेमारीची शिशाची वजनं, गळ पाण्यात बुडवायला लावतात ती. गोल, लांबट, जुनी. डाव्या खिशात, उजव्या खिशात, आतल्या खिशात.

मी तिला सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं, आणि लपवलं असतं तर मला झोप लागली नसती.

ती हसली, अगदी मोकळी, पोटातून. ‘लबाड म्हातारा,’ ती म्हणाली. ‘लबाड, लबाड म्हातारा!’ मलाही हसू आलं. आम्ही दोघी पृथ्वीच्या दोन टोकांना हसत होतो.

मग ती थांबली. ‘म्हणजे ते उपाशीच होते.’

‘रविवारी जेवायचे. दोन वाडगे. मी पाहिलंय.’

‘आणि बाकीचे दिवस?’

मी हातातलं शिशाचं वजन परत खिशात टाकलं.

‘मला खरं वजन कळलं असतं तर मी त्यांना तिकडे पाठवलं असतं,’ ती म्हणाली. ‘त्या नर्सिंग होममध्ये.’

तिथेही जानेवारीत साथ शिरली होती. हे तिला ठाऊक होतं, मलाही.

‘कोट अजून तिथेच आहे?’ तिने विचारलं.

‘हो.’

‘जड आहे?’

मी तो दोन्ही हातांनी खुंटीवरून उतरवला. खांदे खाली ओढले गेले.

‘हो,’ मी म्हणाले. ‘खूप जड आहे.’