शोभाला गार लागलं त्या दिवशी

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमचा विट्याकडचा गलाईचा धंदा, सोनं गाळायचं. भट्टीतून निघेल तेवढंच खरं, बाकी सगळ्या पारावरच्या गप्पा. या ग्रुपवरचे असले अनुभव वाचून मी हसायचो... आता हसत नाही.

माझी मुलगी स्वरा पाच वर्षांची. तिचं लिव्हर निकामी झालं तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीनं, शोभानं, स्वतःच्या लिव्हरचा तुकडा दिला. पुण्यात ऑपरेशन झालं, दोन महिन्यांनी आम्ही घरी आलो. नव्या लिव्हरला रक्त नीट पोचतंय का, हे बघायला दर शुक्रवारी सांगलीत डॉपलर करायचा. मशीनमधून रक्ताचा सूं-सूं आवाज आला की माझा जीव भांड्यात पडायचा.

एका मंगळवारी सकाळी अकराला इस्लामपूरहून शोभाचा फोन.

"दादा, त्यो तुकडा गार पडलाय. पोरीला सांगलीला ने."

"आगं, पोरगी हितं पोहे खातीया. काय बी बोलू नगंस."

"आत्ताच्या आत्ता ने म्हणते न्हवं."

मी फोन ठेवला. तिनं परत केला – पाच वेळा. शेवटी रडायला लागली. तिचं तोंड बंद करायला म्हणून गेलो, खोटं कशाला बोलू?

सांगलीत डॉक्टरबाईंनी प्रोब फिरवला. आवाज नाही. परत फिरवला... तरी नाही. लिव्हरच्या धमनीत रक्त जेमतेम सरकत होतं. तशीच गाडी पुण्याला घातली. तिथं तार घालून धमनी मोकळी केली. शुक्रवारपर्यंत थांबला असता तर लिव्हर गेलं असतं, म्हणाले.

नंतर शोभाला विचारलं, "तुला गार कुठं लागलं गं? टाक्यांपाशी?"

"माझ्या पोटात कशाला लागंल? पोरीच्या."

डॉक्टर योगायोग म्हणतात. असेल. पण मी रोज सकाळी तिला फोन करतो – "तुकडा ऊन हाय न्हवं?" एवढंच. परवा चार वेळा उचलला नाही. स्वराला गाडीत घातलं, तासगावच्या पुढं गेलो तेव्हा फोन आला. बाई दळणाला गेली होती.

"ऊन हाय रं दादा. किती घोर लावून घेतोस?"

गाडी कडेला घेतली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून रडलो. स्वरा मागून विचारत होती, पप्पा, आज सुई टोचणार का.

हे कशानं होतं, अजून कळलेलं नाही. न कळो. तिनं फोन तेवढा उचलावा.