मिस्त्रींचं भंगार

मिस्त्रींनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हटलं नाही. गिऱ्हाईक नव्या दरवाजावरून हात फिरवत "वा!" म्हणालं की हे लगेच, "छे हो, कसाबसा उरकलाय." पाहुण्यांनी बायकोच्या स्वयंपाकाची तारीफ केली तरी यांचं उत्तर ठरलेलं, "चालतंय आपलं." आपलं चांगलं आहे असं आपणच म्हटलं की दृष्ट लागते, हे लहानपणी आईने मनावर बिंबवलं होतं. आईचं बाकी काही या माणसाने ऐकलं नाही, नेमकं हे मात्र हाडीमाशी भिनवून घेतलं!

घरामागे विहिरीच्या अंगाला त्यांची शेड होती. ते तिला खोपटं म्हणत, पण ती घरापेक्षा मजबूत होती. आत वडिलांचे रंधे आणि पटाश्या, पोटाला चिमटा काढून घेतलेलं कटाईचं मशीन, आणि माळ्यावर वर्षानुवर्षं वाळत ठेवलेल्या सागाच्या फळ्या. या शेडच्या जोरावर ते आजवर कुणाच्या हाताखाली राबले नव्हते.

बायकोचा चुलतभाऊ विम्याचं काम करायचा. घराचा विमा उतरवायला आला, तेव्हा त्याने शेडकडे बोट दाखवलं.

"भाऊजी, तिथे काय काय आहे?"

"काय असणार? भंगार."

"मशीन वगैरे?"

"आहे एक जुनं डबडं."

"नीट सांगा हं. नंतर माझ्या नावाने बोटं मोडाल."

"अहो, सांगा की खरं!" बायको दारातून म्हणाली.

"तू चहा टाक."

मेहुण्याने तरी किती डोकं फोडायचं? अडगळीची खोली म्हणून त्याने शेडचा विमा उतरवला.

मिस्त्री लांबच्या गावी चौकट बसवायला गेले होते, तेव्हा भरदुपारी शेडच्या वायरीत ठिणगी उडाली. आत भुसा आणि पॉलिशचे डबे. आगीला आणखी काय हवं? बायकोने आणि शेजाऱ्यांनी विहिरीवरून बादल्या ओतल्या, म्हणून घर तेवढं वाचलं. मिस्त्री परतले तेव्हा चार काळ्याठिक्कर भिंती उरल्या होत्या. राखेत त्यांना रंध्याची पाती सापडली. पण आगीत पात्यांचं पाणी उतरलं होतं, आता धार टिकणार नव्हती.

पाहणीला विमा कंपनीची एक बाई आली. तिने साधंच विचारलं, "काका, आत काय होतं?"

आणि मिस्त्री बोलायला लागले. राखेत उभं राहून एकेक जागा दाखवू लागले. इथे वडिलांचा मोठा रंधा, लोण्यासारखा चालायचा. इथे मशीन, त्याच्यासारखी सफाई पंचक्रोशीत नव्हती. वर फळ्या, एकीला म्हणून गाठ नाही. बायको बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या संसारात या तोंडून कौतुक कसं निघतं हे तिने आज पहिल्यांदा ऐकलं. तिला रडू आलं आणि संतापही आला.

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," बाई म्हणाली. "पण विमा अडगळीच्या खोलीचा आहे. तेवढ्याचंच मिळेल."

मिळालं त्यात पत्रे आले. त्या पत्र्यांखाली ठेवायला मात्र काही नव्हतं. मेहुणा लाजून फिरकेना, तेव्हा मिस्त्रीच बायकोला म्हणाले, "त्याला नको बोलूस. त्याने विचारलं होतं."

शेवटी घर चालवायचं म्हणून नाक्यावरच्या फर्निचरच्या कारखान्यात जायचं ठरलं. निघताना बायकोने बजावलं, "तिथे तरी खरं सांगा. मुरलेला कारागीर आहे म्हणा."

"हो, हो."

कारखान्याचा मालक तरुण होता, बोलायलाही अदबीचा. "बसा काका. काय काय येतं तुम्हाला?"

मिस्त्रींनी घसा खाकरला. वाटेत वाक्य घोळवलं होतं, ते ओठांपर्यंत आलंही. पण जीभ आपल्या जुन्याच वाटेने गेली.

"फार काही नाही. थोडंफार जमतं."

"हरकत नाही. घासकामाला माणूस हवाच होता."

संध्याकाळी ते घरी आले, तेव्हा पॉलिश पेपरने बोटांची सालं निघाली होती. बायकोने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"सांगितलंत ना?"

मिस्त्री बराच वेळ हातांवर पाणी घेत राहिले.

"कसं आहे काम?" तिने पुन्हा विचारलं.

"चालतंय आपलं," ते म्हणाले.