ओढणीखालची अंजिरं

“माणूस शपथ घेऊन खोटं बोलतो, झाडाला ते जमत नाही.” शाभा हे इतक्यांदा म्हणायची की पाणवठ्यावरच्या बायका तिची नक्कल करत. आता करत नाहीत.

आमच्या जुर्जुरा डोंगरात जमीन एकाची आणि तिच्यातलं झाड दुसऱ्याचं असू शकतं. लावणाऱ्याचं झाड, ही जुनी रीत. शाभा लग्न होऊन आली तेव्हा खिंडीपलीकडच्या माहेराहून, आईच्या अंगणातल्या अंजिराच्या काटक्या ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आली. एकच जगली. सासरच्या बांधावर तिनं ती झऱ्याच्या पाण्यावर वाढवली. फळ जांभळं, देठाशी हिरवं, आतून मधासारखं. जात कोणती ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तिची आईसुद्धा नुसतं ‘आपलं अंजीर’ म्हणायची.

नवरा वारला तसं शेत दिराकडे गेलं. त्याबद्दल शाभानं तोंड उघडलं नाही. पण दीर अमझियान झाडावरही हक्क सांगू लागला. म्हणे, ती आपल्या आजोबांच्या काळ्या अंजिराचीच फांदी, रंग बघा की.

भांडण गावसभेत गेलं. सभेत बाई बसत नाही. तिच्या वतीनं घरातला पुरुष बोलतो. आणि शाभाच्या घरात पुरुष उरला होता तो एकटा अमझियान. झाड बळकावणारा तोच, तिची बाजू मांडणाराही तोच! दगडी ओट्यावर बसलेल्या एकाही दाढीवाल्याला यात काही वावगं दिसलं नाही.

अमझियान उठला, आधी आपलं म्हणणं मांडलं, मग तिचं. “वहिनींना काही म्हणायचं नाही.”

“वहिनींना म्हणायचंय,” उंबऱ्याबाहेरून शाभाचा आवाज आला. खांद्यावर घागर तशीच. “काळ्या अंजिराला रानअंजिराच्या माळा बांधल्या नाहीत तर काय होतं?”

एक म्हातारा सवयीनं बोलून गेला, “गळतं. ऑलिव्हएवढं झालं की गळतं.”

“मग माझं गळतं का बघा. नाही गळलं, तर ते काळ्याची फांदी नव्हे.”

उन्हाळा लागला की आम्ही गावातल्या झाडून सगळ्या अंजिरांवर त्या माळा टांगतो. माळेतली चिलटं उडून फळात शिरतात, फळ धरतं. शाभाच्या झाडावरही दरवर्षी टांगत आलो. त्याला त्या लागतात का, हे कधी कुणी पाहिलंच नव्हतं. म्हातारा म्हणाला, चिलटं शेजारच्या झाडावरून येतील, कसं कळणार?

शाभानं घागर खाली ठेवली आणि डोक्यावरची लग्नातली लाल ओढणी सोडली. “ही माझ्या फांदीभोवती गुंडाळून बांधा, म्हणजे चिलट आत शिरणार नाही. दिरांनी आपलं पागोटं आपल्या काळ्या झाडाला बांधावं.”

लोक हसले. अमझियानला नाही म्हणायची सोय राहिली नाही. माळा टांगायच्या आधीच सभेच्या मुखियानं दोन्ही फांद्या आपल्या हातानं गुंडाळून पक्क्या गाठी मारल्या.

अंजिरं पिकली तशी सभा शेतात गेली. पागोटं सोडलं तर त्यातून सुकलेल्या, पोकळ गोळ्या खाली सांडल्या. ओढणी सोडायची गरजच नव्हती; रस झिरपून तिच्यावर गांधीलमाश्या बसल्या होत्या.

झाड तुझं, मुखिया म्हणाला. एवढ्यावर थांबला असता तर! पण भावकीत कडवटपणा नको म्हणून त्यानं वर जोडलं, या नव्या जातीला ‘अमझियानचं अंजीर’ म्हणू, शेत त्याचंच आहे.

शाभा पुढे झाली. “माझ्या आईचं नाव मेलखीर. अंजिराचं नाव तेच. ज्याला ते घेववत नसेल, त्यानं पागोट्यातली खावीत.”

फांदीवरची फळं तिनं ओढणीत भरून घेतली. हंगामातलं पहिलं अंजीर वाटेत भेटेल त्याच्या हातावर ठेवायचं असतं. मुखियाचा हात पुढे आलाही होता. ती त्याच्या बाजूनं निघून गेली, पाणवठ्याकडे, जिथे बायका थांबल्या होत्या. उघड्या डोक्याचा अमझियान हातात पागोटं धरून तिच्याकडे बघत राहिला, ती वळणाआड जाईपर्यंत.