झुंबरबाईचं रक्त

वरवट बकालच्या झुंबरबाईला हसू आवरतच नसे. लग्नात अंतरपाटाआडून ती खुदकली होती आणि भटजींचा मंत्र चुकला होता. नवरा निवृत्ती मात्र अबोल. दोघं मळ्यात वांगी पिकवायची आणि बाजारोबाजार विकायची; ओरडायचं काम तिचं, तराजू धरायचं त्याचं.

महाराष्ट्र राज्य होऊन थोडीच वर्षं झाली होती. सोनाळ्याच्या बाजारात पोती उतरवताना बैल बुजला. गाडीची दांडी उसळली आणि निवृत्तीच्या डाव्या बरगड्यांखाली बसली. तो वांग्यांच्या ढिगावर पडला, उठला, धोतर झटकून तराजूशी बसला. अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. त्याच्या पडण्याची तऱ्हा पाहून झुंबरबाई हसली आणि शेजारी बसणारा पंजाबरावही हसला. हा पंजाबराव गावच्या आखाड्यातला नामी गडी.

पण गिऱ्हाइकांची वर्दळ ओसरली, तेव्हा निवृत्ती पोत्याला टेकला होता. ओठ पांढरे, अंगाला गार घाम, सारखं पाणी मागत होता.

"खांदा दुखून राह्यला," तो पुटपुटला.

"मार पोटाले लागला, अन् खांदा काऊन दुखते?"

तिने त्याचा हात धरून पाहिला, तो थंडगार. झुंबरबाईचं हसू तिथल्या तिथे विरलं. कांद्याचा एक ट्रक खामगावकडे निघाला होता. ती सरळ त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली आणि ड्रायव्हरला म्हणाली, "आधी ह्यायले घे, मंग कांदे." पंजाबरावाने निवृत्तीला उचलून वर चढवलं आणि तोही सोबत निघाला.

खामगावच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबलं, पापणी ओढून पाहिली आणि लगेच शस्त्रक्रियेची खोली तयार करायला सांगितली. डाव्या बरगड्यांखालची पाणथरी, म्हणजे प्लीहा, फुटली होती. बाहेर थेंब दिसत नव्हता, कारण सगळं रक्त पोटातच साठत होतं, आणि खांदा दुखत होता तोही त्यामुळेच. पोट उघडून पाणथरी काढल्याशिवाय ते थांबणार नव्हतं, आणि तोवर तग धरायला त्याला दुसऱ्याचं रक्त हवं होतं.

पंजाबरावाचं रक्त जुळलं. त्याने दंड थोपटला, सुई पाहिली आणि उभाच्या उभा खाली आला. शुद्धीवर आला तेव्हा नर्सला म्हणाला, "पडलोच हाय, तं घ्या आता काढून."

झुंबरबाईचंही जुळलं, पण खामगावात दिलेली नणंद, मनकर्णाबाई, आडवी आली. बायकोचं रक्त नवऱ्याच्या अंगात गेलं तर दोघं बहीणभाऊ होतील, मग संसाराचं काय, असं ती कळवळून विचारू लागली. डॉक्टर हात धूत होते. त्यांनी मागे न वळताच सांगितलं, की नवरा-बायको नवरा-बायकोच राहतील, फक्त बाटली लवकर भरा.

बाटली भरली. उठताना झुंबरबाईला भिंती डुलताना दिसल्या, नर्सला एकाच्या जागी दोन डोकी दिसली, आणि भीतीने घट्ट मिटलेल्या तिच्या तोंडातून हसूच बाहेर पडलं. साखरेचा चहा घेऊन ती बाकावर बसली. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मनकर्णाबाईने तिला घट्ट धरून ठेवलं.

डॉक्टर बाहेर आले. शीर बांधली होती, पाणथरी काढली होती, रक्त थांबलं होतं. झुंबरबाई त्यांचे पाय धरायला वाकली, पण तोल गेला आणि तिने चुकून पंजाबरावाचे धरले.

खरी पंचाईत पुढे झाली. निवृत्ती डोळे उघडून बोलू लागल्यावर तिने त्याला पंजाबराव चक्कर येऊन कसा पडला ते करून दाखवलं. आयुष्यात कधी न हसलेला माणूस हसला आणि टाक्यांना हात लावून कण्हला. डॉक्टरांनी तिला वॉर्डाबाहेर घालवलं. मग ती खिडकीबाहेरून सांगू लागली, आणि पाय मोडलेले, ताप आलेले, सगळे खाटांवरून हसू लागले.

"जाय व तिकडं," निवृत्ती पोट धरून म्हणाला, "मले मारतं काय आता?"

टाके निघाल्यावर दोघं एसटीने गावी आली. जड पोती तो पुन्हा उचलू शकला नाही. ती झुंबरबाईने उचलली. पण संग्रामपूरच्या बाजारात आता कुणी बैलगाडीवरून पडो, झाडावरून पडो, निवृत्ती तराजू टाकून आधी त्याच्याजवळ जायचा, खांदा दुखतो का विचारायचा. आणि झुंबरबाई तोवर ट्रक अडवून उभी असायची.