तिन्ही बॉयलर ऐंशीवर

गेवराईच्या इलियास फिटरनं जन्मात कुणाची कॉलर धरली नाही, त्यामुळं गाव त्याला गरीब गाय समजायचं. गावाला काय कळतंय डोंबल! इलियास भांडायचा नाही, मनात ठेवायचा. लोणच्यासारखं मुरू द्यायचा.

बद्रीनाथ त्याच्या मनात असाच मुरत पडला होता. हायवेवरच्या मोठ्या मंगल कार्यालयाचा हा मालक. तिथली एकूण एक पाइपलाइन इलियासच्या हातची. मागच्या शेडमध्ये गॅसवरचे तीन बॉयलर बसवले तेही त्यानंच. सगळ्या खोल्यांना गरम पाणी तिथून जायचं. म्हणून लेकीचं, मुबश्शिराचं लग्न ठरलं तेव्हा इलियासनं मोठ्या हौसेनं तेच कार्यालय धरलं. बद्रीनाथनं जबान दिली. आणि लग्नाच्या दिवशी वऱ्हाड दारात येतंय तर फाटकाला कुलूप! आत कुठल्याशा पुढाऱ्याचा सत्कार चालला होता. इलियास हात जोडत गेला, तर हा सगळ्यांदेखत म्हणतो कसा, "फिटरच्या पोरीला एवढा हॉल कशाला लागतो बे? उरका की रस्त्याच्या कडंला."

मग उरकलं रस्त्याच्या कडेलाच, भर उन्हात. मुबश्शिराची सासू हाफिजाबी डोक्यावर पदर ओढून सिमेंटच्या पाइपावर बसून राहिली. ती बाई चांगली, ब्र काढला नाही तिनं. पण घरात बाकीची तोंडं होतीच, हॉल ठरलाच नव्हता, बापानं थाप मारली म्हणणारी. 'रस्त्यावरून आणलेली सून' हे नाव मुबश्शिराला तिथं चिकटलं ते चिकटलंच. दर ईदला माहेरी आली की तिचं तोंड बघून इलियासला कळायचं, यंदाबी कुणीतरी बोललं.

या हिवाळ्यात बद्रीनाथच्या लेकीचं, धनश्रीचं लग्न निघालं. व्याही पाटोद्याकडचे बडे जमीनदार, नाकावर माशी बसू न देणारे. आपल्याकडं लग्नात वरपक्षाच्या आंघोळीचं पाणी हा सुद्धा मानच असतो. थंडीच्या दिवसांत ते गार निघालं की व्याही रुसला म्हणून समजा. आणि नेमकी बद्रीनाथच्या पुतण्यानं, रविराजनं, बॉयलरच्या पॅनलची बटणं उगीच दाबून सगळी सेटिंग बिघडवून ठेवली होती. आता कुणाला बोलावणार? इलियासला.

इलियास गेला. घरच्यांना नवल वाटलं.

पॅनल उघडून त्यानं नेहमीची सेटिंग लावायला घेतली. पाणी साठ डिग्रीवर. एक बॉयलर पुढं चालणार, त्याला झेपेना तर मागून दुसरा लागणार, आणि फारच गर्दी झाली तर तिसरा. तेवढ्यात बद्रीनाथ मागं येऊन उभा राहिला.

"हे एकामागं एक कशाला? तिन्ही संगंच पेटू दे. आन् साठ काय? ऐंशीवर ठेव. व्याह्याच्या आंघोळीला वाफ निघाली पायजे."

एरवी इलियासनं सांगितलं असतं की, भाऊ, तिन्ही एकदम पेटले तर पाणी हद्दीबाहेर तापतं, तिन्ही एकदम बंद पडतात, आणि पुरते निवल्याबिगर परत पेटत न्हाईत. ते वाक्य त्याच्या ओठावर आलं होतं. त्यानं ते गिळलं.

"परत एकदा सांगा भाऊ," तो म्हणाला. "रविराजलाबी ऐकू द्या. मागनं बोलणं नको."

बद्रीनाथनं मोठ्यानं परत सांगितलं. इलियासनं सांगितलं तस्संच लावलं. बॉयलर बंद पाडणारा सेफ्टीचा स्विच मात्र त्यानं पुन्हापुन्हा तपासला. त्याला कुणाला इजा करायची नव्हती, त्याला फक्त गार पाणी पाहिजे होतं. त्या दिवशी त्याला भाकर लई गोड लागली. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यानं मुबश्शिराला सासूसकट घरी बोलावून घेतलं. कशाला, ते सांगितलं नाही.

लग्नाच्या सकाळी पहिल्या दोन-चार खोल्यांत खरंच वाफ निघाली. मग तिन्ही बॉयलर एकदम बंद. रविराज बटणं दाबत सुटला, पण ते ढिम्म. व्याही अंगाला साबण लावून बसले होते, अन् नळातून आलं बर्फासारखं गार पाणी. ते टॉवेल गुंडाळून बाहेर आले आणि खुर्ची टाकून बसले. गरम पाणी आल्याशिवाय मांडवात पाऊल ठेवणार नाही म्हणाले.

इलियासचा फोन वाजला. "इलियासभाई," बद्रीनाथ म्हणत होता. भाई! कालपर्यंत 'बे' म्हणायचा. "लवकर ये, समदे बॉयलर बंद पडले."

"तुमी सांगितलं तेच लावलंतं भाऊ."

"माझं चुकलं. ये बाबा."

"येतो की. पण मुबश्शिरा पाठवील तर." त्यानं स्पीकर लावून फोन लेकीपुढं धरला.

मुबश्शिरानं बापाकडं बघितलं. सासूसकट कशाला बोलावलं, हे तिला आत्ता उमगलं. "चाचा, मला काही सांगू नका," ती म्हणाली. "माझ्या सासूबाई बसल्यात इथं. आमचं लग्न रस्त्यावर का लागलं, ते त्यांना सांगा."

पलीकडं कुणीतरी व्याह्याची समजूत काढत होतं, ते ऐकू येत होतं. बद्रीनाथ पुटपुटला, "बाई, हॉल तुमचाच होता. मी जबान दिलती, मीच फिरवली. माफ करा."

हाफिजाबीनं पदर सारखा केला. "ऐकू न्हाई आलं," ती म्हणाली. "परत एकदा सांगा. मोठ्यानं."

बद्रीनाथनं सांगितलं. व्याह्याच्या देखत, मांडवाच्या देखत, मोठ्यानं सांगितलं.

इलियास उठला, पाना-पकडीची पिशवी खांद्याला लावली. मुबश्शिरानं ती काढून घेतली आणि खुंटीला अडकवली.

"बसा अब्बा," ती म्हणाली. "चहा ठेवते. आधी तो प्या."